बेचाळीस फुटी

अमेरिकेतल्या ओझार्कच्या तळ्यावर व्हर्लिन स्टकीने चाळीस वर्षं वेगवान बोटींची इंजिनं बसवली. त्यातलं एकही कधी भर पाण्यात बंद पडलं नव्हतं, आणि गिऱ्हाइकांबद्दलचं त्याचं मतही कधी बदललं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणजे पैसेवालं गाढव, एवढंच ते मत.

टेट हॉलिंजर हा त्यातला अस्सल नमुना. गाड्या धुण्याची तीन दुकानं, आणि बोटीचा अनुभव म्हणाल तर सासऱ्याची मासे धरायची होडी. तरी विक्रीला लावलेल्या एकोणतीस फुटी बोटीसमोर स्वारी दोन मिनिटं थांबली आणि बेचाळीस फुटीसमोर अर्धा तास. शेजाऱ्याकडे एकोणचाळीस फुटी होती, एवढंच त्याचं बोटींचं ज्ञान.

"एकोणतीस घ्या साहेब," व्हर्लिन म्हणाला. "शनिवारी इथल्या लाटा काठाच्या भिंतींवर आपटून परत येतात. एवढं धूड नवख्याचं ऐकत नाही."

"म्हणूनच मोठी हवी ना! छोटी नाचेल लाटांवर."

"आणि लाटा करतं कोण? ही मोठी धुडंच की!"

"म्हातारबा, तू आपला पाना फिरव."

टेटची बायको कोरली नुसतीच हसली.

शनिवारी दुपारी तिघं बेचाळीस फुटी चालवून बघायला निघाली. चालवणाऱ्याने लाल दोरी मांडीला अडकवायची असते. तो फेकला गेला की दोरी खटक्यातून निघते आणि इंजिनं थांबतात. टेटने ती सुकाणूच्या चाकाला अडकवली. तळ्यावरचे सगळे दीडशहाणे हेच करतात, कारण मांडीला लोंबणारी दोरी फोटोत बावळट दिसते. सुकाणू कधी उडून पाण्यात पडत नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

तिसऱ्या लाटेवर बोट उसळली आणि टेट खुर्चीवरून खाली आदळला. बोट तशीच सुसाट, आणि समोर माणसांनी भरलेला एक तराफा. व्हर्लिनने बाजूच्या खुर्चीतून झेप घेऊन एका हाताने चाक वळवलं, दुसऱ्याने दोरी उपटली. इंजिनं गप्प झाली. तराफा हातभर अंतरावरून गेला.

टेट कोपर चोळत उठला. "बंद पडली? दोन्ही? स्टकी, ही तू बसवलीस?"

'मी बंद केली, मूर्खा,' एवढंच व्हर्लिनला म्हणायचं होतं. पण मग या गाढवाने हीच बोट घेतली असती, आणि पुढच्या शनिवारी मागे कोरली असती, बाजूच्या खुर्चीत कुणीच नसतं. त्याने मुठीतली दोरी गुपचूप खटक्यात परत बसवली.

"पडतात कधीकधी," तो म्हणाला. चाळीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

कोरलीने सगळं पाहिलं होतं. भर पाण्यात बंद पडणारी बोट नको म्हणून टेटने एकोणतीस फुटी घेतली, त्या दिवशी तिने दोरीची कडी स्वतः त्याच्या मांडीला अडकवली.

"बावळट दिसतो मी."

"तसाही दिसतोस. राहू दे."

मग सगळा उन्हाळा टेट धक्क्यावरच्या बारमध्ये ओरडून सांगत राहिला, "स्टकीची इंजिनं? भर पाण्यात मरतात!" माणसं हसायची. दोन जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या मेकॅनिककडे गेली. व्हर्लिनचा जीव जळायचा, पण तो तळलेला मासा खात राहायचा.

एकदा टेट तेच सांगायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या मांडीला लाल दोरी लोंबत होती. गाढव काढायला विसरलं होतं. व्हर्लिनने ती पाहिली आणि आणखी एक मासा मागवला.