आईच्या फोनमधलं अंतिम दर्शन

मागच्या महिन्यात एका रविवारी देवणीला गेले, तर आईनं मला दारातच अडवलं. आधी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग पायावर पाणी... मी काही नवी नवरी नव्हते. नांदेडहून निघून, उदगीरला गाडी बदलून, घामाघूम होऊन आलेली तिची लेक होते.

ह्या सगळ्याचं मूळ एका ॲपमध्ये आहे. मध्यंतरी मी इथंच विचारलं होतं, आठवतंय का... जुन्या फोनवर नीट चालेल असं भरवशाचं मेसेजिंग ॲप सांगा म्हणून. आईच्या फोनवर नेहमीचं ॲप चालेनासं झालं होतं, आणि नवा फोन घेऊन देते म्हटलं की तिचं एकच, "ह्यो चालू हाय की."

बाबा गेल्यापासून ती देवणीत एकटीच राहते. नांदेडला चल म्हटलं की गाईकडे बोट दाखवते. गाईला म्हणे दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही... मला विचाराल तर आईलाच गाईवाचून करमत नाही.

तर, तुम्ही सुचवलेली ॲप्स एकेक करून पाहिली. एकाला ईमेल हवा होता, आता आईचा ईमेल मी कुठून आणू. दुसरं उघडलं की आधी जाहिरात यायची. आपल्यासाठीच कुणीतरी पाठवलीय असं समजून आई ती शेवटपर्यंत बघायची.

शेवटी एक सापडलं. हलकं, कमी रेंजमध्येही चालणारं आणि अख्खं मराठीत... मी खूश. आईही खूश. माइकचं बटण दाबून ती बोलायची आणि तिचं बोलणं जसंच्या तसं टाईप होऊन यायचं. गाय नीट खात नाही, शेजारीण रुसलीय, मेथी लई कोवळी आलीय... सगळं.

आणि अचानक तिचे मेसेज बंद झाले.

मी पाठवलेले तिकडं पोचायचेही नाहीत. बाबांच्या जुन्या बटणांच्या फोनवरून मात्र रोज कॉल करायची, आणि उगाच बोलत ठेवायची. काय करून राहिलीस, जेवलीस का, बोल की अजून जरा... स्कूटी घेऊन जाऊ नकोस, असंही दोनदा म्हणाली. कारण विचारलं की विषय गाईवर.

मला धास्तीच बसली. तब्येतीचं काही लपवतेय का, एकटेपणा खायला उठलाय का... नाही नाही ते मनात यायला लागलं. म्हणून रविवारी सरळ बस पकडली.

चहा झाल्यावर मी फोन मागितला. तो देवघरातून आला... रुमालात गुंडाळलेला, बंद केलेला, वर कुंकवाचं बोट लावलेला. तिनं तो सुरू केला, ॲप उघडलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. बघायचं म्हणून नाही, झाकायचं म्हणून.

बोट काढलं तर खाली लिहिलेलं होतं... 'अंतिम दर्शन : काल सकाळी'.

माझ्या फोनवर सगळं इंग्रजीत आहे. तिथं 'लास्ट सीन' असतं. कुठल्याशा मशीननं त्याचं मराठी करून टाकलं होतं, आणि माझी आई रोज आपल्या लेकीच्या नावाखाली ते वाचत होती.

मी पोट धरून हसले. ती हसली नाही. मग मीही थांबले.

"रोज तुज्या नावाखाली ते येऊन राहिलंय," ती म्हणाली. "तोंडानं कसं इचारू माय तुला? असलं बोलू न्हाई. म्हणून बंदच करून ठिवला."

तिला समजावलं, की मी ॲप शेवटचं कधी उघडलं एवढंच ते सांगतं. तर म्हणते, मग तसं लिवावं की, दर्शन कशाला काढायचं...

सेटिंगमध्ये ते बंद करता येत होतं. पण अट अशी, की माझी वेळ तिला दिसू नये, तर तिचीही मला दिसणार नाही. आणि तिथं माझं बोट अडकलं...

कारण रोज सकाळी उठल्यावर मी आधी तेच बघायची. आईच्या नावाखाली पहाटेची वेळ दिसली की बरं वाटायचं. उठली, गाईचं झालं, ठीक आहे. मग मी निवांत चहा ठेवायची. जी ओळ वाचून तिचा जीव वरखाली व्हायचा, त्याच ओळीवर माझा दिवस सुरू व्हायचा.

हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "येवढंच ना? मी सोता कळवीत जाईन."

मी सेटिंग बंद केलं. येताना मेथीची जुडी आणि तुपाची बरणी पिशवीत आलीच.

सोमवारी सकाळी जाग आली ती मेसेजच्या आवाजानं. आईचा होता. एकच शब्द... 'हाय'.

त्यानंतर एक दिवस चुकलेला नाही. ऑफिसमधल्या पुण्याच्या मैत्रिणीनं परवा तो बघितला आणि म्हणाली, तुझी आई भारीच मॉडर्न आहे गं, रोज 'हाय' करते.

तिला सांगितलं, अगं ते इंग्रजी नाही. आमच्याकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. माझी आई रोज सकाळी मला एवढंच कळवते, की ती आहे.

मीही लगेच उत्तर देते... 'मी बी हाय.' मग चहा ठेवते.