साधी गाठ आणि अकरा वर्षे न पोचलेले पत्र

डॉ. देवाजी कटरे यांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला मी दोनदा नकार दिला होता. आता लिहिते आहे ते समितीच्या निमंत्रणपत्रिकेमुळे. तीत माझे नाव घालून छापले आहे की, डॉक्टरांनी मेंदूतली गाठ काढल्यावर या कडक मुख्याध्यापिकेचा स्वभाव निवळला. मला न विचारता हे छापले. ते खरे की खोटे हे मला स्वतःला आजवर कळलेले नाही. जे मला कळत नाही ते समितीला कळते, याचा राग आला म्हणून लेखणी उचलली.

डॉक्टर मूळचे सालेकसा तालुक्यातले. शस्त्रक्रिया नागपूरला करतात, पण महिन्यातले दोन शनिवार गोंदियात रुग्ण तपासायला बसतात. माझे डोके दुखे, आणि घरात भात करपला तरी मला वास येत नसे, म्हणून यजमान मला त्यांच्याकडे घेऊन गेले. तीच पहिली भेट. डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "घाबरू नका. साधी गाठ आहे. नागपूरला या, काढून टाकू."

मी तीस वर्षे मराठी शिकवलेली बाई. 'साधी' म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बाहेर आल्यावर यजमान म्हणाले, "साधीच आहे म्हणते, त डोस्का काऊन फोडाचा?" मला पटले. सोमवारी मी शाळेत हजर झाले.

पुढच्या सात महिन्यांतले मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांची यादी हरवली. विज्ञानाच्या मेश्राम बाई सांगत होत्या की यादी त्यांनी माझ्या हातात दिली. मी म्हणाले, नाही दिली. त्यांच्या गोपनीय अहवालात मी शेरा लिहिला: 'बेजबाबदार. विश्वासार्ह नाहीत.' अक्षर माझेच, नेहमीसारखे वळणदार. पुढे पर्यवेक्षिकेचे पद त्यांच्याऐवजी दुसऱ्याला गेले.

मग डोळ्यांना फळ्यावरचे दिसेनासे झाले आणि आम्ही पुन्हा डॉक्टरांसमोर बसलो. इतके दिवस कुठे होता, असे त्यांनी विचारले. मी सुनावले की साधी आहे, हे तुम्हीच म्हणालात. डॉक्टरांनी जुनी फिल्म पुन्हा उजेडावर धरली. मग म्हणाले, "चूक शब्दाची. म्हणजे माझी."

त्यांनी कागदावर डोके काढून दाखवले. गाठ कर्करोगाची नव्हती, साधी म्हणायचा अर्थ एवढाच. पण ती मेंदूच्या आवरणातून, कपाळामागे, नाकाच्या मुळाशी वाढत होती आणि आता डोळ्यांच्या नसांवर रेटत होती. कवटीची खिडकी उघडून ती आतून पोखरायची आणि मग तिचे कवच मेंदूपासून हलकेच सुटे करायचे. नजर बहुधा वाचेल, वास परत येणार नाही, हेही त्यांनी आधीच सांगितले. शस्त्रक्रियेला जवळजवळ पूर्ण दिवस लागला. नजर वाचली. वास आला नाही. अजूनही तपासणीला गेले की डॉक्टर आधी विचारतात, गॅस बंद करून आलात ना?

त्या दुसऱ्या भेटीपासून 'साधी गाठ' हा शब्द त्यांनी टाकून दिला. प्रत्येक रुग्णाला सगळे समजावून झाले की ते म्हणतात, "आता तुमी मले सांगा, मी काय म्हणलो." माझ्यासमोर एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना विचारले होते, "डाक्टर तुमी का मी?" डॉक्टर हसले, पण वदवून घेतल्याशिवाय त्यांनी बाईंना उठू दिले नाही. चूक कबूल करणारे पुष्कळ भेटतात. चुकीवरून कामाची रीत बदलणारे मी हे एकच पाहिले.

मी रुग्णालयात असताना यजमानांना ती गुणांची यादी सापडली. आमच्याच घरी, तांदळाच्या कोठीत. मी ती तिथे का ठेवली, मला माहीत नाही. त्याच आठवड्यात मेश्राम बाई मला भेटायला नागपूरला आल्या आणि म्हणाल्या, "लवकर या बाई. शाळेत कोणी रागावालेच नाही." मी यादीबद्दल बोलले नाही.

मला आधी दाखला हवा होता. तो शेरा गाठीने लिहिला, मी नव्हे, असे लिहून द्या, अशी मी डॉक्टरांकडे मागणी केली. ते म्हणाले, "अशा गाठीनं माणूस विसरतो, चिडतो, संशय घेतो. तेवढं लिहून देतो. पण त्या दिवशी कोणी लिहिलं, हे मले कसं कळावं? गाठ पूर्ण काढून पाहिली बाई. तिच्यात मेश्राम बाईंचं नाव कुठं नव्हतं." त्यांनी तेवढेच पत्र दिले आणि ते स्वतः नेऊन द्या, असे बजावले. मला अपमान वाटला. पत्र कपाटात गेले. दरवर्षी तपासणीच्या शेवटी डॉक्टर विचारत, "पत्र पोचलं?" मी म्हणे, अजून नाही. ते पुढची तारीख देत. अकरा वर्षांत त्यांनी ना उपदेश केला, ना विचारायचे सोडले.

मेश्राम बाई या महिन्यात निवृत्त होत आहेत, तो शेरा अंगावर घेऊन. म्हणून निमंत्रणपत्रिका वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळे वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "गाठ नव्हती तवाबी तुमी अशाच होत्या, बाई." हे चांगले की वाईट, असे मी विचारले. "मी फकत सांगून राहिली," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. स्वभाव निवळला की नाही, ते समितीने आता त्यांना विचारावे.

डॉक्टरांनी शंभरी गाठावी. त्यांचे हात स्थिर राहोत, प्रकृती निरोगी राहो, आणि समोरच्याकडून वदवून घेण्याची त्यांची खोड कधी न सुटो. पुढच्या तपासणीला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ आहे.

श्रीमती मेश्राम यांना त्यांच्या घरी सुपूर्द केले ते असे: डॉक्टरांचे मूळ पत्र, एक पान, त्यांना हवे तर अर्जाला जोडावे. प्रात्यक्षिकाच्या गुणांची यादी, घड्यांमध्ये कोंडा असलेली. शेरा खोटा होता, तो रद्द व्हावा, असा माझ्या सहीचा अर्ज, दोन प्रती. पोच घेतली. अर्जात गाठीचा उल्लेख नाही.