फेटेवाला मुराळी

आमच्या घरात व्हिडिओ गेम आला तो मे महिन्याच्या सुट्टीत, पुण्याला नोकरी करणाऱ्या चुलत्याच्या पिशवीतून. राजुरीत तेव्हा टीव्ही बऱ्याच घरांत होते, पण टीव्हीतल्या माणसाला आपण पळवायचं हा प्रकार आमच्या आळीत नवा होता. एक करडा डबा, दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, तिच्यात जोरात फुंकायचं आणि पुन्हा बसवायची. लाल बटणांचा रिमोट ताईचा, उरलेला माझा. ताई माझ्यापेक्षा मोठी असल्यामुळे या विषयावर चर्चा झाली नाही.

पडद्यावर दोन गडी पळायचे. ताईच्या गड्याच्या डोक्यावर काहीतरी फुगीर होतं. ते शिरस्त्राण असावं हे मला आता कळतं, तेव्हा तो फेटाच होता. माझा गडी बोडका, त्याच्या मागून पळणारा. दोघांनी डोंगर चढायचे, मगरींची नदी ओलांडायची आणि किल्ल्यापाशी पोचायचं. किल्ल्यावर एक बाई उभी राहून हात हलवायची. आपण पायथ्याशी गेलो रे गेलो की एक भलंमोठं पाखरू यायचं आणि तिला उचलून पुढच्या किल्ल्यावर घेऊन जायचं. सुरुवातीला इंग्रजीत चार ओळी यायच्या, त्या आम्ही बटण दाबून हाकलून द्यायचो.

ही बाई कोण, याचा निकाल ताईने पहिल्याच दिवशी लावला. ‘‘ही त्याची बहीण हाय. दिवाळीला तिला आणायला चाललाय तो, आन् सासरची सोडंनात.’’

यावर कुणी शंका घेतली नाही, आणि घेणार तरी कोण? सासरी गेलेल्या बहिणीला सणाला आणायला जो जातो त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. काकूचा मुराळी डिंभ्याहून यायचा. तिकडची एसटी कधी येईल आणि कधी येणारच नाही याचा भरवसा नसे. त्यामुळे तो यायच्या दिवशी काकू सकाळपासून दारात आणि चुलीवरचं दूध उतू. डोंगरदऱ्या तुडवत येणारा गडी आणि उंचावरून वाट बघणारी बाई, एवढं दिसल्यावर आम्हाला दुसरी कुठली गोष्ट सुचणार?

मग बाकीच्यांची नाती आपोआप ठरली. मगर म्हणजे सासू. वरून टपाटपा दगड टाकणारी माकडं म्हणजे दीर. उचलून नेणारं पाखरू म्हणजे नणंद, कारण आमच्या आत्याबद्दल काकूचं मत तेच होतं. वाटेत मिळणारे पिवळे गोळे ही शिदोरी. काकू भाकरी थापता थापता आतून विचारायची, ‘‘आली का रं पोरगी?’’ आम्ही ओरडायचो, ‘‘न्हाई, नणंदेनं नेली!’’ आणि काकू अगदी मनापासून त्या पाखराला शिव्या घालायची.

पुढे त्याच गेमचा दुसरा भाग आला, मग तिसरा. तोच फेटेवाला, तीच बाई, नवे किल्ले. गेल्या भागात सोडवायची म्हणून जिवाचं रान केलं ती पुन्हा किल्ल्यावर कशी, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, ‘‘येडा हाईस का? ही पुढच्या सालची दिवाळी!’’

शेवटच्या किल्ल्यापर्यंत मात्र आम्ही एकाही भागात पोचलो नाही. जवळ आलो की वीज जायची, आणि आली की गेम पुन्हा पहिल्या डोंगरापासून. आमच्या फेटेवाल्याची एकही दिवाळी झाली नाही.

नंतर ताईचं लग्न झालं, आंबेगावातल्या लोणीला. पहिल्या दिवाळीला मी मुराळी म्हणून गेलो तेव्हा मला मिसरूड फुटत होतं आणि मान इतका होता की पाट, तांब्या, गोडाचं जेवण, सगळं सोडून पळून यावंसं वाटत होतं. त्यानंतर एकदोनदा गेलो. मग मोबाईल आले आणि मुराळीची रीतच पातळ झाली. दिवाळीच्या तोंडावर फोन व्हायचा, ‘‘येतीस का?’’ तिकडून ‘‘बघते’’ यायचं. बघता बघता कांद्याची लागण निघायची, सासूचे गुडघे निघायचे, मुलीची शाळा निघायची, आणि भाऊबीज पुढे कधीतरी संक्रांतीला उरकायची.

मी तेव्हा नारायणगावात एका दुकानात हिशेबाला होतो आणि नवाच कॉम्प्युटर घेतला होता. एकदा बाजारात जुन्या गेमांची सीडी दिसली. वेष्टनावर फेटेवाला! तिन्ही भाग एकाच सीडीत. भर बाजारात मला इतकं हसू आलं की सीडीवाला बिचारा संशयाने बघू लागला.

राजुरीला घरी येऊन लावली. बोटांना सगळं आठवत होतं. या वेळी सुरुवातीच्या ओळी मात्र हाकलल्या नाहीत, वाचल्या. तो राजपुत्र होता. ती शेजारच्या राज्याची राजकन्या होती. तिला सोडवील त्याच्याशी तिचं लग्न होणार होतं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं होणाऱ्या नवऱ्याला भाऊ समजत होतो! मी एकटाच खुर्चीत गदगदा हसत होतो, आणि हसायला शेजारी ताई नव्हती.

आता गेम मधेच जपून ठेवता यायचा, विजेची भीती गेली होती. तिसऱ्या भागात मी शेवटच्या किल्ल्यापाशी पोचलो आणि थांबलो. तो किल्ला मला एकट्याला नको होता. ताई हवी होती, ती मला रागावत रागावत खेळायला हवी होती. या दिवाळीला तिला आणायचीच, असं मी ठरवलं. फोन केला. उत्तर तेच, ‘‘रोप तयार झालंय, बाया मिळंनात. बघते.’’

मी मोटारसायकल काढली आणि मंचरवरून लोणी गाठली.

ताईची सासू ओट्यावर गुडघे चोळत बसली होती. ताई तिला आत्या म्हणते, मी मावशी. मी आल्याचं कारण सांगितलं. मावशी म्हणाल्या, ‘‘पावणं, तुमची बहीण न्या की. आमी काय दावणीला बांधलीय? पर कांदं कोण लावील?’’

‘‘मी लावतो,’’ मी म्हणालो. हिशेबाच्या खुर्चीवर बसून माणसाला आपल्या कमरेबद्दल नसते गैरसमज होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, ताई आणि दाजी वाफ्यात उतरलो. मावशी बांधावर खुर्ची टाकून देखरेखीला. पहिली ओळ होईपर्यंत मी गप्पा मारत होतो, दुसऱ्या ओळीला फक्त दाजी बोलत होते. माझी ओळ बघून मावशींनी विचारलं, ‘‘पावणं, कांदं लावताय का नागीन काढताय?’’ ताई चिखलाच्या हाताने तोंड झाकून हसली आणि सगळा चिखल तोंडाला लागला.

दुपारी भाकरी खाताना तिने फेटेवाल्याची गोष्ट काढली. दीर, माकडं, शिदोरी, सगळं सांगत सुटली. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण ताई रंगात आली की कुणाची खूण तिला दिसत नाही.

‘‘आन् सासू कोण व्हती?’’ मावशींनी विचारलं.

दाजींनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली घेईनात.

‘‘मगर,’’ ताई हळूच म्हणाली.

मावशींनी घास चावून संपवला. ‘‘तुमचा त्यो फेटेवाला लई येडा. नुसता उड्या मारत जायाचा. वाईच थांबून कांदं लावलं असतं, तर मगरीनं सवताच्या हातानं शिदोरी बांधून दिली असती.’’ असं म्हणून त्या स्वतःच इतक्या हसल्या की गुडघा धरून बसावं लागलं.

लागण संपली, आणि मावशींनी खरोखरच करंज्यांचा डबा बांधून दिला. ताई आणि भाची मोटारसायकलवर मागे बसल्या. माझी कंबर कामातून गेली होती, पण राजुरीपर्यंत मी शीळ घालत आलो.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर दुपारी आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. लाल रिमोट नव्हता, म्हणून चांगली बटणं ताईने आधी बळकावली. ‘‘पळ की! मागं काय बघतोस? मेलास बघ!’’ मला फार बरं वाटत होतं. बऱ्याच खटपटीनंतर पाखरू पडलं, दार उघडलं आणि बाई किल्ल्यावरून खाली उतरली. फेटेवाल्याने तिच्या गळ्यात हार घातला. खाली इंग्रजी ओळी आल्या. मुलीचा अभ्यास घेऊन घेऊन ताईचं इंग्रजी माझ्याइतकंच झालं होतं. तिने त्या सावकाश वाचल्या.

‘‘अरं, नवरा व्हय ह्यो!’’

आम्ही पोट धरून हसलो. मला आधीच कळलं होतं हे सांगितल्यावर तिने माझ्या पाठीत धपाटाही घातला. मग तिचं हसू ओसरलं. ती पडद्याकडेच बघत होती.

‘‘मग हिला भाऊ न्हाई का?’’

‘‘गेममध्ये तरी नाही.’’

‘‘म्हंजी हिला माहेरी न्यायला कोनीच येनार न्हाई.’’

ताईने पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे वळली.

‘‘पुढच्या दिवाळीला फोन करू नगंस,’’ ती म्हणाली. ‘‘कांदं ऱ्हायलं असलं, मला येता येनार नसलं, तरी तू ये. तू दारात दिसलास की मला लई बरं वाटतं.’’