थोडं कमी करा, मावशी

कोहका वस्तीतल्या गयाबाईला घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मनापासून राग यायचा. भाव विचारून मुकाट्याने पैसे देणारा माणूस तिच्या मते एकतर आजारी असायचा, नाहीतर बायकोशी भांडून आलेला. नवरा बाबुलाल स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर तिनं गल्लीतल्या बायका जमवून गोधड्या शिवायला घेतल्या. दर हिवाळ्यात पालिका त्या गोधड्या विकत घ्यायची आणि त्या रैनबसेऱ्यात, म्हणजे रात्रनिवाऱ्यात जायच्या, एरवी उघड्यावर झोपणाऱ्यांच्या अंगावर.

भाव ठरायचा खरेदी विभागातल्या विजयकुमारच्या टेबलापाशी. गयाबाई मनातल्या भावावर थोडं चढवून सांगायची. तो चष्मा काढून म्हणायचा, "थोडं कमी करा, मावशी." ती जरा रुसायची, त्याच्या पोरीची खुशाली विचारायची, मग कमी करायची. चहा यायचा. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायचं.

यंदा पालिकेनं खरेदीचे नियम बदलले. भाव पोर्टलवर टाकायचा, तोही एकदाच. निकाल लागेपर्यंत विभागातल्या कुणी भावाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ओळखीपाळखीवर कामं जाऊ नयेत म्हणून केलेले नियम, चांगलेच होते. सून रेणूनं मोबाइलवर सगळं भरलं आणि भावापाशी येऊन थांबली.

"आई, एकदाच टाकता येते. फिर चेंज नहीं होगा. तुमचा शेवटचा भाव सांगा."

"शेवटचा पहिलेच कावून सांगू? विजयबाबूले कमी कराले जागा तं ठेवा लागते. नाई तं बिचाऱ्याले कसं वाटन?"

रेणूनं परोपरीनं समजावलं. सासू ऐकेल तर शपथ! चढवलेलाच भाव गेला.

काम रायपूरच्या एका ठेकेदाराला मिळालं. त्याचा भाव गयाबाईच्या चढवलेल्या भावाहून कमी, पण मनातल्या भावाहून जास्तच होता. हे कळलं आणि तिला घास गोड लागेना. बायका विचारायच्या, "काकू, आता हिवाळ्यात काय करावं?" ती नुसती सुईत दोरा ओवत बसायची. पण सगळ्यात जास्त लागलं ते हे, की विजयबाबू एका शब्दानं बोलला नाही.

निकालानंतरच्या रविवारी तो स्वतःच दारात उभा राहिला.

"मावशी, भाव उघडला तवाच समजलं, तुमी माह्यासाठी जागा ठेवली. पन तवा काईच करता येत नवतं. पुढच्या वेळी शेवटचा भावच टाका."

"अन् मंग कमी कोन करन?"

"कोनीच नाई, मावशी."

मग त्यानं सांगितलं, पोरीला मुलगी झाली, बाळाला दुपटं पाहिजे. तिनं जुन्या मऊ लुगड्याचं, बारीक टाक्यांचं दुपटं काढलं आणि भाव सांगितला. विजयकुमारनं मुकाट्याने पाकीट काढलं.

"कमी करा नाई म्हनत?"

"सवय मोडून राहिलो, मावशी."

"थे हापिसात मोडा. माह्या घरी जुनाच नियम हाय." तिचे डोळे भरून आले. "म्हना."

विजयकुमारनं चष्मा काढला. "थोडं कमी करा, मावशी."

गयाबाई जरा रुसली. पोरीची खुशाली विचारली. मग तिनं भाव कमी केला. इतका, की द्यायला काही उरलंच नाही.