विजयाच्या गॅलरीतलं निवडुंग

सकाळी साडेनऊला वाघोलीहून फोन आला तेव्हा मी भाजी निवडत बसले होते. विजयाकडे धुण्याभांड्याला येणारी मंदा बोलत होती. "बाई गेल्या," एवढंच ती म्हणाली. रिक्षाने मी पोहोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. पहाटेच कधीतरी हृदय बंद पडलं होतं. विजया स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडली होती. डोक्याखाली उशी, अंगावर चादर, आणि शेजारी फरशीवर तिचे यजमान श्रीधरराव मांडी घालून बसलेले. मंदा आली तेव्हाही ते तसेच बसले होते म्हणे. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

याला आता सात आठवडे झाले.

विजयाने आणि मी येरवड्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं शिकवलं. ती गणित, मी मराठी. पोरांचं उत्तर चुकलं तर ती रागवत नसे. "छान. आता बरोबर उत्तर सांग," म्हणे. खोटं बोलणं मात्र तिला अजिबात खपत नसे. निवृत्तीनंतर ती आणि श्रीधरराव वाघोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मुलगा परदेशात. तिथे तीनचार वर्षांत श्रीधररावांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग वार. पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढलेल्या त्या माणसाला एकच काम नेमाने आठवे, झाडांना पाणी घालायचं. घातल्याचं मात्र आठवत नसे. तासातासाला हातात तांब्या. मोगरा कुजला, गुलाब कुजला, तुळससुद्धा गेली. "तीस वर्षं ह्यांनी कालवे आखले," विजया मला म्हणाली, "आता शेवटचं धरण माझ्या गॅलरीत बांधतायत."

मग तिने नगर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून लिंबाएवढं गोल निवडुंग आणलं आणि चिनी मातीच्या एका सुबक वाटीत लावलं. काटे बघून तरी हे लांब राहतील, असा तिचा हिशेब. ते राहिले नाहीत. वाटीला खाली भोकही नव्हतं. दोन आठवड्यांत निवडुंग बुडाशी मऊ, तपकिरी होऊन कलंडलं. त्या दिवशी ती त्यांच्यावर ओरडली, हातातला तांब्या हिसकावून कपाटात कुलपात टाकला. दोन दिवस श्रीधरराव जेवले नाहीत. गॅलरीच्या दारात उभं राहून पुन्हापुन्हा विचारत, "मग मी काय करू?" हे सांगताना विजया माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

तांब्या तिने परत दिला. चार कुंड्यांत नुसती माती भरून गॅलरीत ठेवल्या. बी पेरलंय, म्हणाली. रोज ते पाणी घालत, कधी उगवेल विचारत, आणि ती सांगे, उगवेल हळूहळू. सहा महिने असं चाललं. एका दुपारी त्यांनी कुंडीतली माती बोटाने उकरली आणि अगदी पूर्वीच्या, शहाण्या आवाजात म्हणाले, "विजया, यात काहीच लावलेलं नाहीस ना?" थोड्या वेळाने ते तांब्या भरून आले आणि त्याच कुंड्यांना पाणी घालू लागले. ते विसरले होते, की तिचं मन राखत होते, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिचा मला फोन आला. "शैला, आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती."

दुसऱ्याच दिवशी ती रोपवाटिकेत गेली आणि दिवसातून दहा वेळा पाणी घातलं तरी जगेल असं निवडुंग मागितलं. माळी आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून नीट सांगू लागला. लहान मातीची कुंडी घ्या, भोक मोठं करा, जाडी वाळू, विटांचा चुरा आणि कोळसा भरा, माती जेमतेम मूठभर. पाणी थांबलंच नाही तर मुळं कुजायची नाहीत. निवडुंग तगलं. श्रीधरराव घालत, पाणी सरळ खाली वाहून जाई. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, तेव्हा विजया जाऊन सांगून आली, "कपडे दोरीवर आत सरकवून वाळवा. हे थांबणार नाही." निवडुंग वाढत वाढत मोसंब्याएवढं झालं. दीड वर्षं.

ती गेल्यावर घर पाहुण्यांनी भरलं. फरशी ओली होते म्हणून त्यांतल्या कुणीतरी कुंडीखाली खोलगट ताटली ठेवली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तेराव्याला माझं लक्ष गेलं तेव्हा ताटलीत पाणी साचलेलं होतं आणि निवडुंग बोट लावताच आत दबलं. मी ते कागदात गुंडाळून टाकून दिलं. श्रीधररावांना कळलं नाही. कळलं असेल तर बोलले नाहीत.

मुलाला परत जायचंच होतं. फ्लॅट बंद केला आणि श्रीधररावांना अशा माणसांची देखभाल करणाऱ्या एका घरी ठेवलं. जागा स्वच्छ आहे. मी गुरुवारी जाते. पहिल्या भेटीत त्यांनी विजयाबद्दल विचारलं. तिला खोटं आवडत नसे म्हणून मी खरं सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले. चहा यायच्या आत त्यांनी पुन्हा तेच विचारलं... त्यानंतर मी खरं सांगितलेलं नाही.

तिथल्या बाईंची एक तक्रार होती. आजोबा रोज अर्धा चहा बशीत ओततात, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवतात आणि निवू देतात. फुकट जातो. विजयाने जन्मात स्वतःसाठी वेगळा कप भरून घेतला नाही, "मला तुमच्यातला अर्धाच," म्हणायची, हे त्या बाईंना कुठून माहीत असणार. परवा मी पलीकडच्या खुर्चीवर बसले होते. बशी माझ्यासमोर आली. मी उचलून प्यायले. श्रीधरराव माझ्याकडे बघत राहिले, मग ओशाळून म्हणाले, "माफ करा हं. तो तिचा होता."