चाचांनी बांधलेले पिंजरे

पातूरच्या आमच्या वेल्डिंगवाल्या चाचांएवढा हट्टी माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा निघणार नाही. दुरुस्तीला आलेल्या वस्तूची ते आधी विचारपूस करत आणि मग मालकाला झापत. माझी सायकल त्यांनी तीन दिवस अडकवून ठेवली होती, कारण काय, तर "तिले आराम पायजे." घोट्याच्या वर पाणी आलं की त्यांचा जीव घाबरायचा. अशा माणसाकडे आम्ही धरणातलं काम दिलं.

कापसाने दोन-तीन वर्षं लागोपाठ दगा दिला, तेव्हा आम्ही पंधराजणांनी संस्था काढून धरणात जाळीच्या पिंजऱ्यांतून मासे पाळायचं ठरवलं. मी सचिव. पिंजरे वाऱ्याने वाहून जाऊ नयेत म्हणून तळाशी वजनं टाकून ते दोरांनी बांधायचे होते. आम्हाला जागा हवी होती ओढ्याच्या तोंडाशी, उथळ आणि सोयीची. चाचा मात्र तिथे मासेमारी करणाऱ्या भोईदादांच्या डोंग्यात जीव मुठीत धरून बसले, दगड बांधलेली दोरी सोडून आठ दिवस तळ चाचपत राहिले आणि येऊन म्हणाले, "तिथं मरळ अंडे देते. पानी उतरलं का तुमचा ढिला दोर तळ खरवडून काढन. बाळंतिनीच्या जच्चाखान्यात कोनी खुट्या ठोकते का?"

"चाचा, आमच्या पोटावर कावून उठले तुमी?" अध्यक्ष चिडले.

"अन् या भोयाले पोट नाई?"

पिंजरे मधल्या खोल पाण्यात गेले. दुकानातल्या टाकीत चाचींची पिठाची चाळणी तरंगवून चाचांनी ढिल्या दोरावर तोड काढली. तळच्या वजनाला बांधलेला दोर पिंजऱ्याच्या कडीतून ओवायचा आणि मोकळ्या टोकाला दगड लटकवायचा. पाणी उतरलं की दगडच ढिला दोर खेचून घेतो, तळाला लागू देत नाही. चाचींना चाळणी नवी घ्यावी लागली. वैशाखात वादळ सुटलं तेव्हा आम्ही काठावर देवाचा धावा करत उभे; पिंजरे डोलले, पण एकही सुटला नाही. अध्यक्षांनी सगळ्यात मोठा मासा चाचांना नेऊन दिला. चाचांनी तो उलटापालटा करून पाहिला. "भोयाच्या मरळीची सर नाई याले," म्हणाले, आणि चाचींच्या हाती दिला.

पुढे चाचांची नजर गेली. एका पावसाळ्यात मी त्यांना स्कूटरवरून धरणावर नेलं. ओढ्याच्या तोंडाशी मरळीची लालसर पिलं थव्याने वर आली होती. भोईदादा सांगत होते, चाचा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"किती असतीन?"

"मोजता येत नाई, चाचा."

"अन् माय जवळ हाये ना त्यायची?"

"हाये. खालीच फिरून रायली."

चाचा पाण्याकडे तोंड करून कितीतरी वेळ बसून राहिले. धरणावरची त्यांची ती शेवटची फेरी.