एप्रिलात लावलेली गुलछडी

आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मी. हे मी कुणी न विचारताही सांगते. आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात गुलछडीच्या कळ्या तोडायला गेली, म्हणून मी इंजिनिअर झाले. इकडं डच मुलखात, उइटहॉर्नला घर घेतल्यावर तिला तीन महिन्यांसाठी इथं आणलं, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

ती आल्यापासून मी तिला नुसती शिकवत होते. नळ असा फिरव. बसमधून उतरताना कार्ड मशीनला पुन्हा लाव. सायकलींच्या रस्त्यात उभी राहू नकोस. ती "बरं बाई" म्हणायची. पंधरा दिवसांत तिचा आवाज पार बारीक झाला.

मग बागेच्या दुकानात तिला गुलछडीचे कंद दिसले. पाकिटावरचा फोटो बघून ती मोठ्यानं हसली. "अगं, ही हितं पाकिटात मिळती व्हय!"

पाकिटामागचं डच मी वाचलं. आधी घरात, कुंडीत, उबेला ठेवा. मे संपत आल्याशिवाय बाहेर लावू नका. तेव्हा एप्रिल निम्मासुद्धा सरला नव्हता.

"काय लिवलंय?"

"लावायची पद्धत."

"ती मला सांगणार व्हय हे?"

घरी येऊन तिनं मागच्या वाफ्यात उकिडवं बसून वरंबे ओढले. "वाकून बघ की, इंजिनिअरीणबाई! कोंब वर ठेवायचा. आणि लांब लांब लाव, बशीत लाडू मांडतीस का?" चिखलात बसून मी तिच्या शिव्या खात होते. तिचा रानातला आवाज परत आला होता. या एका गोष्टीत तरी तिला शिकवायला नको, म्हणून पाकिटावरचं मी तिला सांगितलं नाही.

पुढचे तीन आठवडे पाऊस आणि गारठा. रोज सकाळी ती माझं जाकीट घालून वाफ्याशी जाऊन उभी राहायची. एक दिवस तिनं माती उकरली. कंद बोटांत लगदा होऊन आला. मग दुसरा, तिसरा. सगळेच.

"माझ्या हाताचा गुण गेला," ती म्हणाली.

"तसं नाही गं. इथली माती गार. कुणाचीच येत नाही."

"मग पाकिटं कशाला इकत्यात?"

मला उत्तर येत होतं. पण ते दिलं असतं तर तिला कळलं असतं, की मला आधीपासून माहीत होतं आणि मी तिला मजेत लावू दिलं. मी चहा ठेवायला आत गेले.

जूनअखेर ती परत गेली. बायका कळ्या तोडायला बोलवायला यायच्या, पण ती जाईना, असं मला बहिणीनं सांगितलं. तेही जानेवारीत, आईच्या मातीला गेले तेव्हा. तोवर फोनवर आई मला फक्त "जेवलीस का" विचारायची, आणि मीही त्यापुढं काही बोलले नाही.

यंदा मार्चमध्ये मी कुंड्या भरून खिडकीत, हीटरच्या वर ठेवल्या. जून लागल्यावर बाहेर काढल्या. ऑगस्टअखेर पाच दांडे आले, खालच्या कळ्या उमलल्या. नवरा वाकून वास घेत म्हणाला, "जमलं की तुला!"

"त्यात जमायचं काय?" मी म्हणाले. "लिहिलेलंच होतं सगळं."